शरीराचा विद्युतरोध मोजायचा कसा? मल्टीमीटर, चरबीचा काटा आणि ओलं वावर

धुऱ्यावरचा मास्तर (धागाकर्ता)

अकरावीच्या प्रात्यक्षिकात मल्टीमीटर हाती आला की मुलं पहिलं काम एकच करतात. दोन्ही पिना दोन मुठींत घट्ट धरायच्या आणि आपला रोध बघायचा. कोणाचा ४ लाख ओहम येतो, कोणाचा ९ लाख, घामट हाताच्या पोराचा ४०-५० हजार. यंदा एका मुलीने पुढचं गणित मांडलं. २३० भागिले ४ लाख म्हणजे जेमतेम अर्धा मिलिअँपिअर. एवढ्या करंटने फार तर मुंग्या येतात. मग सर, ओलीत करताना माणसं मरतात ती कशी?

या प्रश्नाचं अर्धवट उत्तर देणं धोक्याचं आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हरभऱ्या-गव्हाच्या दिवसांत रात्रीची थ्री फेज आली की माणूस अंधारात, अनवाणी, चिखलात उभा राहून स्टार्टरला हात लावतो. त्याच्या डोक्यात ‘माझा रोध ४ लाख’ हा आकडा बसलेला असू नये, म्हणून सविस्तर लिहितो.

मल्टीमीटर दाखवतो तो रोध जवळजवळ सगळा कातडीचा असतो, तोही कातडीच्या अगदी वरच्या मृत पेशींच्या थराचा. हा थर बहुतेक अंगावर १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो, तळहात-तळपायावर त्याहून बराच जाड. त्याच्या आत गेलात की सगळं खारं पाणी. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत किंवा हातापासून पायापर्यंत आतला रोध साधारण ५०० ओहम धरतात. म्हणजे ४ लाखांतले ३ लाख ९९ हजार ५०० कातडीचे आणि पिनेच्या स्पर्शाचे.

आता मल्टीमीटर कातडीवर दाब किती देतो? दोन-चार व्होल्ट, तेही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट. कातडीचा रोध दाब वाढला की टिकत नाही. शे-दोनशे व्होल्टला तो थर विद्युतदृष्ट्या कोसळतो. त्यात घाम, चिखल, जखम, मोठा स्पर्श हे सगळं रोध खाली आणतं. शिवाय कातडी हा नुसता रोध नाही, ती कपॅसिटरसारखीही (विद्युतभार साठवणाऱ्या भागासारखी) वागते आणि एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट, तिच्यातून जास्त सहज जातो. त्यामुळे २३० व्होल्टला, मोठ्या स्पर्शाने, पूर्ण शरीराचा रोध साधारण १,००० ते २,००० ओहमच्या घरात येतो, ओल्या अंगाला आणखी कमी. २३० भागिले १,००० म्हणजे २३० मिलिअँपिअर. १० ते १५ मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आवळतात की पकडलेली तार सोडता येत नाही. त्यापुढे छाती आणि हृदय.

मुलीचं गणित बरोबर होतं. त्यात घातलेला आकडा त्या परिस्थितीचा नव्हता. शरीराचा रोध असा एक आकडा नसतोच. किती व्होल्टला, कोणत्या वारंवारतेला, कुठून कुठे, ओल्या की कोरड्या कातडीवर, हे सोबत लिहिलं नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे.

मग आतल्या ऊतींचा रोध मोजायचा कसा, हा खरा मजेचा भाग. तो पुढच्या प्रतिसादात लिहितो. तोवर इथल्या डॉक्टर आणि वायरमन मंडळींनी भर घालावी.

कापूसकोंड्या

वाचतोय. लिहा लवकर.

वऱ्हाडी वायरमन

मास्तर, एकदम बरोबर बोलले तुमी. मी गावोगाव मोटरा बसवत फिरतो, मले रोज दिसते हे. त्यातली एक गोष्ट लोकाईले समजतच नाई. म्हणतात, एमसीबी बसवला, आता काय होते? अरे बापा, एमसीबी १६ अँपिअरचा. माणसातून जाते पाव अँपिअर. एमसीबीले माहीतच पडत नाई का माणूस चिकटला म्हणून. तो वायर जळू नये म्हणून असते. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पायजे. गेला करंट आन् परतला करंट यात ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला का तो झटक्यात पाडते.

आन् टेस्टरचं सांगतो. टेस्टर आपण फेजले लावतो, मांगून बोट ठेवतो, तरी काहून मरत नाई? त्याच्या आत १० लाख ओहमच्या आसपासचा रेझिस्टन्स बसवला असते. आपल्यातून जाते ते पाव मिलिअँपिअर, तेवढ्यावर दिवा पेटते. तो रेझिस्टन्स आपल्याले वाचवते, आपली कातडी नाई.

कोणी चिकटला असन तर त्याले हात लावू नका. पहिले मेन बंद करा. ते जमत नसन तर कोरड्या लाकडानं तार बाजूले करा, सोताच्या पायाखाली कोरडं काही घेऊन.

धुऱ्यावरचा मास्तर

भाऊ, टेस्टरचं उदाहरण उद्याच वर्गात वापरतो.

आता आतल्या रोधाकडे. कातडी गणितातून बाहेर काढायची युक्ती म्हणजे चार इलेक्ट्रोड, म्हणजे अंगाला लावायचे धातूचे चार संपर्क. बाहेरच्या दोघांतून ठरावीक करंट सोडायचा, आतल्या दोघांवर फक्त व्होल्टेज वाचायचं. व्होल्टेज वाचणारं उपकरण स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही, म्हणून त्याच्या स्पर्शाखालच्या कातडीत दाब पडत नाही आणि ती कातडी आकड्यात येतच नाही. आत जेवढा मधला भाग आहे तेवढ्याचाच रोध मिळतो. जमिनीचा रोध मोजतानाही शेतात चार खुंट्या ठोकून हेच करतात.

डीसी चालत नाही. धातू आणि खारं पाणी भेटतं तिथे आयन साचतात, आकडा सरकत राहतो. म्हणून एसी, आणि रूढ वारंवारता ५० किलोहर्ट्झ. करंट १ मिलिअँपिअरच्या आत, बऱ्याच यंत्रांत ८०० मायक्रोअँपिअर. एवढ्या वेगाने उलटसुलट होणाऱ्या इतक्या छोट्या प्रवाहाला आपल्या नसा दाद देत नाहीत, म्हणून काही जाणवत नाही.

ऊतींचे आकडे बघा, सगळे ओहम-मीटर या एककात (तुकड्याच्या आकारावर न ठरणारा, त्या पदार्थाचा स्वतःचा रोध) आणि ढोबळ. मेंदूभोवतीचा द्रव ०.६ च्या आसपास, रक्त १.५, स्नायू तंतूंच्या दिशेने २ च्या आसपास आणि आडवा मोजला तर त्याच्या दुप्पट किंवा जास्त. चरबी २० च्या वर, हाड शंभराच्या घरात. फुप्फुसाचा आकडा श्वासागणिक बदलतो, कारण हवा वीज वाहत नाही. स्नायूचा आडवा-उभा फरक मला फार मोलाचा वाटतो. एकाच मांसाच्या तुकड्याचे दोन रोध, आणि दोन्ही खरे.

आता सगळ्यात सुंदर गोष्ट. पेशीभोवतीचं पटल तेलकट आहे, आत-बाहेर खारं पाणी. म्हणजे प्रत्येक पेशी एक बारीकसा कपॅसिटर. मंद वारंवारतेला करंट पेशींना वळसा घालून बाहेरच्या पाण्यातून जातो, वेगवान वारंवारतेला पटलातून आरपार. हे रक्तावर पहिल्यांदा दाखवलं रुडॉल्फ होबर यांनी, १९१० ते १९१३ च्या दरम्यान. पुढे १९२५ मध्ये ह्यूगो फ्रिके यांनी लाल पेशींच्या पटलाची धारकता (कपॅसिटर म्हणून विद्युतभार साठवायची क्षमता) मोजली, दर चौरस सेंटीमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड. त्यावरून त्यांनी पटलाची जाडी काढली ३.३ नॅनोमीटर. ते पटल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसायला १९५० चं दशक उजाडलं. आज आपण पटलाचा तेलकट गाभा ३-४ नॅनोमीटर मानतो. डोळ्यांना न दिसणारी वस्तू त्या माणसाने नुसत्या रोधाच्या मोजणीवरून मापली. मला हे वाचताना दरवेळी भरून येतं.

आरोग्यकेंद्रातली ताई

सर, छान लिहिलंत. माझा प्रश्न आमच्या शिबिरातल्या चरबीच्या काट्याबद्दल आहे. पायांचे चार धातूचे पत्रे असतात, बाई उभी राहिली की वजन आणि चरबीची टक्केवारी दोन्ही येतं. आमच्याकडे निंदणाहून थेट आलेल्या बाया असतात. त्यांच्या टाचा भेगाळलेल्या, तळवे जाड. एक तर यंत्र आकडाच देत नाही, नाहीतर काहीतरी विचित्र देतं. मी ओल्या फडक्याने तळवे पुसून घेते, मग वाचतं. हे बरोबर करते का? आणि सकाळी आलेल्या बाईची चरबी दुपारी कमी कशी येते?

शिरपुरी

दुपारी अंगातलं पाणी घामाने गेलेलं असतं. पाणी कमी म्हणजे रोध जास्त, म्हणजे यंत्राला चरबी जास्त वाटली पाहिजे. ताई म्हणतात कमी येते. कुठेतरी नोंद चुकत असेल.

आरोग्यकेंद्रातली ताई

नोंद मी स्वतः करते, दादा. कमीच येते.

सेवाग्रामची लेक

तुम्हा दोघांचंही बरोबर आहे. (मी सेवाग्रामला शिकले, आता वर्धा जिल्ह्यातच काम करते.)

पाणी कमी झालं की रोध वाढतो हे खरं. पण मे महिन्यात ४४-४५ अंशांत काम करून आलेल्या बाईचे पाय तापलेले असतात, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, तळव्यांवर घाम असतो. गरम खारं पाणी वीज जास्त वाहतं. यामुळे रोध खाली येतो. दोन परिणाम उलट दिशांना ओढतात आणि त्या घटकेला कोण जिंकेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून नियम असा: सावलीत बसून थंड झाल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, जेवणानंतर काही तासांनी, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच प्रहरी मोजायचं. ओल्या फडक्याने पुसणं योग्यच. थोड्या वेळाने एक आकडा परत घ्या, जुळला तर लिहा.

पण मुख्य मुद्दा वेगळा आहे. तो काटा चरबी मोजत नाही. तो मोजतो फक्त रोध, आणि थोडी चांगली यंत्रं सोबत कपॅसिटरचा भाग. बाकी सगळं सूत्र आहे. शरीर एक नळकांडं मानायचं, उंचीचा वर्ग भागिले रोध काढायचा, त्यावरून पाण्याचा अंदाज. चरबी सोडून उरलेल्या शरीरात ७३ टक्के पाणी असतं असं धरायचं, त्यावरून चरबीविरहित वजन, आणि ते एकूण वजनातून वजा केलं की उरते ती चरबी. दर पायरीवर एक गृहीतक आहे. १६५ सेंमी उंचीच्या माणसाचा रोध ५०० आला तर तो भागाकार ५४.५ येतो, ५५० आला तर ४९.५. तळवा नीट टेकला नाही एवढ्यानेही आकडा हलू शकतो.

शिवाय शरीर नळकांडं नाही. धडात शरीराचं जवळपास निम्मं वजन असतं, पण मनगट ते घोटा या रोधात धडाचा वाटा फक्त दहा टक्क्यांच्या आसपास. रोध सगळा अरुंद जागी, हातापायांत. पायापासून पायापर्यंत मोजणारा काटा तर पोटापर्यंत धड पोचतही नाही. पोटाच्या चरबीबद्दल तो जे सांगतो तो पायांवरून बांधलेला अंदाज आहे.

आणि सूत्रं ज्या लोकांवर बसवली ते आपल्यासारखे असतीलच असं नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३. युडकिन यांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. ती मोजणी वेगळ्या, क्ष-किरणांच्या पद्धतीने केली होती. सारखा बीएमआय, पण अंगातली चरबी दुपटीहून जास्त. गोऱ्या लोकांवर बसवलेलं सूत्र शिबिरात आलेल्या सडपातळ शेतमजूर बाईवर लावताना हे लक्षात ठेवायला हवं.

ताई, दोन गोष्टी शिबिरात आधी विचाराच. पेसमेकर बसवलाय का, आणि पोटुशी आहे का. दोन्हींना हा काटा नको. आणि पायांवर सूज असलेल्या माणसाचा आकडा लिहून घेऊ नका. सुजेचं पाणीही यंत्र चांगल्या मांसात धरतं.

आरोग्यकेंद्रातली ताई

सुजेचं मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे किडनीचे दोन-तीन पेशंट त्या काट्यावर उभे राहतात आणि ‘चरबी कमी झाली’ म्हणून खूश होऊन जातात. उद्यापासून बंद करते.

झाडीपट्टीचा गडी

मास्तर, एक विचारतो जी. आमच्या गावात गाडी घेऊन एक जण येतो. हातात पितळेची दांडी धराले लावतो, लॅपटॉपवर रेषा हलतात आणि पाच मिनिटांत तीसेक पानांचा रिपोर्ट. लिव्हर, किडनी, कॅल्शियम, सगळं त्याच्यात. माझ्या मावशीले सिकल (रक्ताचा आनुवंशिक आजार) नाही म्हणून सांगितलं. हे पण रोध मोजूनच करतात का जी?

धुऱ्यावरचा मास्तर

गडीभाऊ, वर जे चार इलेक्ट्रोडचं लिहिलं ते पुन्हा बघा. करंट आत जायला एक जागा आणि बाहेर यायला दुसरी जागा लागते. एका हातात एकच दांडी असेल तर करंटला शरीरातून जायचा मार्गच नाही. दोन हातांत दोन दांड्या असल्या तरी त्या कोरड्या धातूवर मोजला जाईल तो तळहाताचा घाम आणि मुठीचा जोर. तेवढ्यावरून यकृत आणि हाडातलं कॅल्शियम वेगवेगळं सांगणं कोणत्याही यंत्राला शक्य नाही. तपासायचं असेल तर एकाच माणसाला वेगळं नाव, वेगळं वय सांगून दोनदा बसवा आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा.

सेवाग्रामची लेक

गडीभाऊ, मावशींना सरकारी दवाखान्यात नेऊन सिकलची रक्ततपासणी कराच, कृपा करून. आधी सोल्युबिलिटी टेस्ट आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकल किती आहे ते तुम्हाला सांगायला नको. घरात लग्न जुळवायचं असेल तर दांडीच्या रिपोर्टवर विसंबणं म्हणजे पुढच्या पिढीच्या जिवाशी खेळ आहे. मला याचा फार राग येतो.

रोध मोजण्याचा खरा उपयोग वैद्यकात भरपूर आहे, म्हणून अशा यंत्रांमुळे मूळ शास्त्र बदनाम व्हायला नको. दवाखान्यातल्या मॉनिटरवर श्वासाचा आकडा येतो ना, तो बहुतेक वेळा ईसीजीच्याच चिकटपट्ट्यांतून बारीक वेगवान करंट सोडून, छातीचा रोध वर-खाली होतो त्यावरून काढलेला असतो. हृदयाच्या ठोक्यागणिक छातीत रक्त येतं-जातं, त्याने रोध किंचित बदलतो. त्यावरून हृदय किती रक्त ढकलतं याचा अंदाज घ्यायची पद्धत कुबिचेक आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मांडली. आपल्याकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातापायांच्या रक्तवाहिन्या तपासायला याच तत्त्वावरची उपकरणं तयार केली. इंग्लंडमध्ये शेफील्डला बार्बर आणि ब्राउन यांनी १९८० च्या दशकात छातीभोवती इलेक्ट्रोडचं कडं बांधून आतल्या रोधाचं चित्रच काढून दाखवलं.

रोह्यानं पिडलेला

माहा प्रश्न सगळ्याईहून साधा आहे. माह्या वावराच्या कुंपणाले झटका मशीन आहे, डब्यावर ८,००० व्होल्ट लिहेल आहे. मले सोताले गंज वेळा लागला झटका, हात झटकून मोकळा. आन् घरची २३० ची लाईन माणूस मारते. बाजूच्या गावात रानडुकरासाठी तारेत डायरेक्ट लाईन सोडली होती, गडी जागलीवर गेला तो सकाळी धुऱ्यावर सापडला. ८,००० सोडते आन् २३० मारते, हे काहून?

वऱ्हाडी वायरमन

वेळ, भाऊ. मशीन ठोका मारते आन् थांबते. लाईन थांबत नाई.

धुऱ्यावरचा मास्तर

वायरमनभाऊंनी नेमकं सांगितलं. कुंपणयंत्राच्या आंतरराष्ट्रीय मानकात चाचणी करताना माणसाच्या जागी ५०० ओहमचा रोध धरतात. सुरुवातीला लिहिलेला आतला रोध तो हाच. ८,००० व्होल्टपुढे कातडी काही अडवत नाही हे त्यांनी गृहीतच धरलंय. त्या ५०० ओहममध्ये एका ठोक्याची ऊर्जा ५ जूलपेक्षा जास्त जाता कामा नये, ठोका एका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा लांब नको, आणि दोन ठोक्यांत किमान एक सेकंदाचं अंतर हवं. त्या सेकंदात हात सुटतो. प्रत्यक्षात चांगल्या यंत्राचा ठोका त्याहूनही पुष्कळ आखूड असतो.

डायरेक्ट लाईनमध्ये माणसाचा रोध १,००० ओहम धरला तर दर सेकंदाला ५० जूलच्या वर, आणि सुटका नाही. स्नायू आवळलेले, पाय ओल्या काळ्या मातीत, हात किंवा मांडी तारेला. हृदयाची लय बिघडायला करंट किती आणि किती वेळ हे दोन्ही लागतं, आणि इथे दोन्ही आहे. तारेत थेट लाईन सोडणं गुन्हा आहेच. पण गुन्हा नसता तरी हे गणित बदललं नसतं. मरतो तो बहुतेक शेजारचा, नाहीतर आपल्याच घरचा.

मशीनसुद्धा प्रमाणित घ्या. घरी बनवलेल्या डब्यात ठोका किती लांब आहे ते कोणी मोजलेलं नसतं.

रोह्यानं पिडलेला

समजलं. ग्रामसभेत हेच वाचून दाखवतो, मास्तर. तुमी या त्या दिवशी.

शिरपुरी

मास्तर, शाळेत चार इलेक्ट्रोडचा प्रयोग मुलांकडून करून घेता येईल का? माणसावर नाही, दुसऱ्या कशावर.

धुऱ्यावरचा मास्तर

माणसावर नाहीच. मेनवर चालणारं फंक्शन जनरेटर (हव्या त्या वारंवारतेचा एसी देणारं यंत्र) किंवा सीआरओ (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) माणसाला जोडायचं नाही, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिला नियम आहे.

बटाटा घ्या. चार स्टीलच्या पिना एका रेषेत, सारख्या अंतरावर, सारख्या खोल. बाहेरच्या दोन पिनांना फंक्शन जनरेटर, त्याच्या मालिकेत १ किलोओहमचा रेझिस्टर. त्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज बघितलं की करंट कळतो. आतल्या दोन पिनांवरचं व्होल्टेज सीआरओवर. १ किलोहर्ट्झपासून १०० किलोहर्ट्झपर्यंत जा. कच्च्या बटाट्याचा रोध वारंवारतेबरोबर स्पष्ट खाली येताना दिसेल. मग तोच बटाटा उकडा, गार होऊ द्या आणि परत मोजा. उकडल्याने पेशींची पटलं फाटलेली असतात, म्हणून मंद वारंवारतेलाच रोध खाली आलेला असतो आणि पुढे फारसा हलत नाही. फ्रिकेने रक्तात जे पकडलं ते मुलांना बटाट्यात दिसतं.

सीआरओच्या दोन्ही चॅनेलची काळी तार आत एकमेकींना आणि अर्थला जोडलेली असते, हे जोडणी करताना विसरू नका, नाहीतर आतली पिन नकळत अर्थ होते. दोन्ही चॅनेलची टोकं दोन आतल्या पिनांना लावा आणि एकातून दुसरं वजा करून वाचा. साध्या डिजिटल मल्टीमीटरचा एसी भाग काही शे हर्ट्झच्या पुढे भरवशाचा नसतो, तो इथे वापरू नका.

शिरपुरी

गार होऊ द्यायचं म्हणजे गरम असताना आकडा आणखी खाली येईल म्हणून?

धुऱ्यावरचा मास्तर

हो. तापमान एका अंशाने वाढलं की खाऱ्या पाण्याचा रोध साधारण २ टक्क्यांनी उतरतो. दोन्ही वेळा बटाटा एकाच तापमानाला असला तरच फरक पेशीपटलाचा आहे असं म्हणता येईल. थर्मामीटर खोचून ठेवा आणि प्रत्येक आकड्याशेजारी तापमान लिहायला लावा.